पोर्क डंपलिंग्जसाठी बांबूचा स्टीमर: पैसे झाकणाचे द्या

दहा इंची, दोन मजली बांबूचा स्टीमर. सोबत एक झाकण, बहुतेक संचांत चॉपस्टिक्सच्या दोन जोड्या, भोकं पाडलेल्या कागदांची थप्पी आणि कधी सॉससाठी दोन इवल्याशा वाट्या. ऑनलाइन साधारण हजार ते दोन हजार रुपयांच्या पट्ट्यात मिळतो. चॉपस्टिक्स आणि वाट्या हिशेबातच धरू नका. पोर्क डंपलिंग्ज घरी वाफवायची असतील तर या वस्तूत पैसे मोजण्यासारखी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे झाकण.

धातूच्या झाकणाखाली वाफ गेली की ती थंड पत्र्याला लागून पाणी होते आणि थेंब खाली पडतात. मोदकाला एखादा थेंब चालून जातो. मैद्याच्या पातळ पारीवर तोच थेंब पडला की तिथे चिकट, पांढुरका डाग होतो आणि डंपलिंग उचलताना नेमकी तिथेच पारी सुटते. बांबूचं झाकण विणलेलं असतं. थोडी वाफ त्यातून बाहेर निसटते, थोडी विणीत मुरते. पहिल्या घाण्यानंतर झाकण उलटं करून पाहा: आतली बाजू ओलसर आणि गडद झालेली दिसेल, पण थेंब लोंबत नसतील. डंपलिंग्जचा वरचा भाग कोरडा आणि किंचित चकचकीत राहतो, तो यामुळे.

म्हणून खरेदी करताना झाकण आधी पाहा. उजेडाकडे धरलं आणि विणीतून आरपार दिसलं, तर ते झाकण वाफ धरणार नाही; दहा मिनिटांचं काम चौदा मिनिटांवर जाईल. वीण दुहेरी आणि घट्ट हवी. मग तळाच्या पट्ट्या पाहा. त्या कडेच्या रिंगणात खोबणीत बसवलेल्या असाव्यात, नुसत्या डिंकाने चिकटवलेल्या नकोत. रिंगण कशाने जोडलंय तेही बघून घ्या. बांबूच्या खुंट्या किंवा वेताची बांधणी असेल तर उत्तम. लोखंडी पिना असतील तर काही दिवसांत त्यांच्याभोवती गंजाचे तांबूस डाग उमटतात, आणि आपल्या पावसाळ्यात ते लवकरच उमटतात. दोन्ही टोपल्या एकमेकींवर ठेवून फिरवून पाहा. डुगडुगत असतील तर सांध्यातून वाफ निसटणार.

मापाबद्दल एकच सल्ला: आठ इंची घेऊ नका. त्यात एका मजल्यावर पाच-सहाच डंपलिंग्ज मावतात आणि चार माणसांचं जेवण तासभर लांबतं. दहा इंचीच्या आत वापरायला साधारण 23 सेंटिमीटर जागा मिळते. दोन डंपलिंग्जमध्ये बोटभर अंतर सोडून नऊ-दहा बसतात, म्हणजे एका घाण्यात वीस. अंतर सोडायचंच, कारण वाफेत पारी फुगते आणि शेजारणीला चिकटते.

याला भांडं कोणतं, हा प्रश्न वस्तू घरी आल्यावर पडतो. तो आधीच सोडवा. बारा-तेरा इंची तोंडाची खोल कढई असेल तर टोपली तिच्या उतारावर नीट बसते. पाणी टोपलीच्या खालच्या कडेला जेमतेम टेकेल इतकंच. कड ओली राहिली की बांबू करपत नाही, आणि पाणी त्याहून वर नसलं की उकळी पट्ट्यांपर्यंत उडत नाही. मोठ्या बर्नरवर पंधरा मिनिटांत 400 मिलीच्या आसपास पाणी उडून जातं, त्यामुळे शेजारी किटलीत उकळतं पाणी तयार ठेवा आणि दोन घाण्यांच्या मध्ये कडेने ओता. गार पाणी ओतलं की वाफ बसते. कढई नसेल किंवा घरात इंडक्शन असेल, तर सपाट बुडाच्या स्टीलच्या पातेल्यावर ठेवायची, मध्ये गोल भोक असलेली चकती वेगळी मिळते. ती घ्या. नुसती टोपली पातेल्याच्या काठावर टेकवली तर बाजूने येणारी आच बांबूला जाळते.

घरात मोदकपात्र असताना हे सगळं कशाला? खरं सांगायचं तर तांत्रिकदृष्ट्या मोदकपात्रात डंपलिंग्ज उत्तम होतात. झाकणाला सुती फडकं बांधायचं, टोकं वर गाठ मारून ठेवायची म्हणजे गॅसला लागत नाहीत, आणि थेंबांचा प्रश्न ऐंशी टक्के मिटतो. इडलीच्या कुकरमध्ये साचे काढून चाळणी ठेवली तरी भागतं. पण बाप्पाच्या मोदकांचं भांडं पोर्कला वापरायला बऱ्याच घरांत हरकत असते, आणि त्यावर वाद घालत बसण्यापेक्षा वेगळं भांडं घेतलेलं बरं. उलटही तितकंच लागू आहे: बांबू चरबीचा वास धरतो, त्यामुळे पोर्कची टोपली पुढे मोदकांना किंवा ढोकळ्याला वापरू नये. ती पोर्कचीच ठेवायची.

खरा प्रतिस्पर्धी आहे तो अ‍ॅल्युमिनियमचा तीन मजली मोमोचा स्टीमर. नेपाळकडे त्याला मक्टू म्हणतात. खालच्या भांड्यात नुसतं पाणी न घालता हाडं, आलं, कांदा घालून त्यांचा रस्सा उकळत ठेवायचा आणि त्याच वाफेवर मोमो शिजवायचे, ही तिकडची पद्धत; मोमोसोबत वाटीत येणारं सूप अनेकदा हेच असतं. कोलकात्याच्या टिरेटा बाजारात सकाळी जी चिनी न्याहारी मिळते, तिथेही पोर्कचे शुमाई (वर तोंड उघडं ठेवलेली डंपलिंग्ज) आणि वाफवलेले पाव अ‍ॅल्युमिनियमच्याच भांड्यांतून निघतात. म्हणजे बांबूशिवाय अडतं असं मुळीच नाही. अ‍ॅल्युमिनियम घासता येतं, बुरशी धरत नाही, पडलं तर फार तर पोचा येतो, आणि एका वेळी तीस-पस्तीस नग निघतात. तोटे दोन: झाकणाला फडकं बांधावंच लागतं आणि ते इंडक्शनवर चालत नाही. महिन्यातून चार वेळा आणि दहा माणसांसाठी करणार असाल तर डोळे मिटून तोच घ्या. बांबू घ्यायचा तो कमी नग, पातळ पारी आणि टोपलीसकट ताटाशेजारी ठेवायची हौस असेल तर.

आता टोपलीची परीक्षा ज्यावर होते, ते डंपलिंग. खाली दिलेलं प्रमाण 42 नगांचं आहे, म्हणजे दहा इंचीत दोन घाणे आणि वर दोन-तीन नग.

पारीसाठी 300 ग्रॅम मैदा, चिमूटभर मीठ, 120 मिली उकळतं पाणी आणि साधारण 50 मिली गार पाणी. उकळतं पाणी धार धरून ओतायचं, चॉपस्टिकने किंवा लाकडी चमच्याने ढवळायचं. मैद्याचे गोळे-गोळे झाले की गार पाणी लागेल तसं घालून मळायचं. उकळत्या पाण्याने मैद्यातला स्टार्च फुलतो, जास्त पाणी धरून ठेवतो आणि ग्लूटेनचा चिवटपणा कमी होतो. मोदकाची उकड आपण काढतो त्यामागेही स्टार्च फुलवण्याचाच हेतू असतो, पण तांदळात ग्लूटेन नसतं आणि मैद्यात असतं, म्हणून इथे सगळं पाणी उकळतं घालायचं नाही. तसं केलं तर पारी लाटायला सोपी जाते, पण वाफेत ढिली पडते आणि सारणाच्या वजनाने बूड फाटतं. सगळं गार पाणी घातलं तर पारी वाफेत कडक, चामट होते. गार पाण्याची कणीक पाण्यात उकळायच्या डंपलिंग्जसाठी. वाफवायच्यांना अर्धवट उकडलेली. मळून ओल्या फडक्याखाली किमान अर्धा तास ठेवा. न ठेवता लाटायला घेतलीत तर ती मागे आखडत राहील.

पोर्कचं मांस निवडणं हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा, आणि इथेच बहुतेकांचं बिनसतं. चरबी नको म्हणून लोक निव्वळ मांसाचा खिमा आणतात आणि मग डंपलिंगमध्ये रबरी गोळी तयार होते. चरबी तीस टक्क्यांच्या आसपास हवी. 300 ग्रॅम खांद्याचं मांस आणि 100 ग्रॅम पोटाकडचा चरबीचा भाग, असं मागा. गोव्यातले बाजार, वसई, वांद्रे इथल्या पोर्कवाल्यांना हे सांगावं लागत नाही, पण खिमा जाडसर पाहिजे हे मात्र सांगावं लागतं. नेहमीचा मटणवाला आपल्या यंत्रातून पोर्क काढून देईलच असं नाही, बहुधा देत नाहीच. तेव्हा मांस तासभर फ्रीझरमध्ये ठेवून, किंचित घट्ट झालं की मोठ्या सुरीने घरीच बारीक करा. मेहनत आहे, पण हाताने कापलेल्या खिम्याचा दाणा यंत्राला येत नाही. मांस गार असतानाच पुढचं सगळं करायचं. चरबी वितळायला लागली की सारण बांधत नाही.

400 ग्रॅम खिम्याला अर्धा चमचा मीठ, दीड मोठा चमचा लाइट सोया सॉस, अर्धा चमचा साखर, अर्धा चमचा पांढरी मिरपूड, किसलेलं आलं 10 ग्रॅम. वाण्याकडे जी सोया सॉसची काळी, दाट बाटली मिळते ती बहुतेक वेळा डार्क सोया असते. तिने सारण काळपट होतं आणि खारटपणाही नीट येत नाही. लेबल वाचून लाइट घ्या. चिनी पाककृतींत असते ती शाओशिंग, म्हणजे तांदळाची वाइन मिळाली तर एक मोठा चमचा घाला, नाही मिळाली तर सोडून द्या. गोड पोर्ट वाइन तिच्या जागी घालू नका.

आता पाणी. 70 मिली गार पाणी किंवा हाडांचं गार केलेलं सूप तीन-चार हप्त्यांत घालायचं आणि प्रत्येक वेळी हाताने एकाच दिशेने जोरात फिरवायचं. सुरुवातीला पाणी कडेने सुटं दिसतं, मग मुरतं. चार-पाच मिनिटांनी खिम्याला धागे सुटायला लागतात, तो वाडग्याच्या कडेला आणि बोटांना ओढ देतो, रंग फिका होतो. ही खूण दिसेपर्यंत थांबायचं नाही. मिठामुळे मांसातली प्रथिनं सुटी होऊन पाणी पकडून ठेवतात, आणि चावल्यावर जो रस येतो तो हाच. पाणी न घातलेलं सारण शिजताना आकसतं आणि पारीच्या आत पोकळी राहते. नग हलवला तर आत गोळी खुळखुळते.

भाजी म्हणून 200 ग्रॅम कोबी अगदी बारीक चिरून, अर्धा चमचा मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवा आणि फडक्यात घट्ट पिळा. साधारण 130 ग्रॅम उरला पाहिजे. कमी पिळला तर कोबी सारणात पाणी सोडतो आणि भरून ठेवलेल्या डंपलिंगचं बूड करड्या रंगाचं, ओलं होऊन टोपलीला चिकटतं. पातीचा कांदा 50 ग्रॅम, आणि सगळ्यात शेवटी एक मोठा चमचा भाजलेल्या तिळाचं तेल. आपलं घाण्याचं तिळाचं तेल इथे चालत नाही, ते न भाजलेल्या तिळांचं असतं आणि त्याला तो खमंग वास नसतो. तेल शेवटी घालायचं कारण आधी घातलं तर मांस पाणी पीत नाही. सारण अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, भरायला सोपं जातं.

कणकेचे 11 ग्रॅमचे गोळे करा. पारी 8 ते 9 सेंटिमीटरची, मध्ये जाड आणि कडेला पातळ: एका हाताने फिरवत दुसऱ्या हाताने छोटं लाटणं फक्त मध्यापर्यंत न्यायचं. सारण 16 ग्रॅम, म्हणजे भरगच्च दोन चहाचे चमचे. कळ्या फक्त एका बाजूला घालतात आणि दुसरी बाजू सपाट ठेवून तिच्यावर दाबतात, त्यामुळे नग चंद्रकोरीसारखा वळतो आणि बुडावर बसतो. कडेला तेलाचं किंवा सारणाचं बोट लागलं तर ती कड काही केल्या चिकटत नाही; वाफेत तोंड उघडतं आणि सगळा रस खाली टपकतो. ओलं बोट पुसायला फडकं हाताशी ठेवा. पारीवर पीठही कमीत कमी भुरभुरवा. जादा पीठ वाफेत शिजत नाही, कोरडे पांढरे डाग राहतात.

टोपलीत काय अंथरायचं? संचासोबत येणारे भोकांचे कागद चांगले असतात, ते संपेपर्यंत वापरा. नंतर बाजारातला साधा बटर पेपर आणू नका. सिलिकॉनचा थर नसलेला कागद ओला झाला की पारीलाच चिकटतो आणि कागद खायची वेळ येते. बेकिंगचा पार्चमेंट पेपर घ्या आणि त्याला सुईने नव्हे, पेन्सिलने टोचल्याएवढी भोकं पाडा. कोबीची किंवा सॅलडची पानं हा सर्वांत स्वस्त उपाय, फक्त पूर्ण तळ झाकायचा नाही. प्रत्येक नगाखाली एक तुकडा, बाकी पट्ट्या उघड्या. पूर्ण पान अंथरलं की वाफ वर जायला वाटच राहत नाही आणि वरच्या मजल्यावरची डंपलिंग्ज कच्ची राहतात. केळीचं पान चालेल, हळदीचं नको. त्याचा वास गूळ-खोबऱ्याला शोभतो, आलं आणि तिळाच्या तेलाशी त्याचं जमत नाही.

पाणी खळाखळा उकळून वाफ जोरात यायला लागल्यावरच टोपल्या चढवा, आणि तिथून 10 मिनिटं मोजा, आच मोठीच ठेवून. गार पाण्यावर ठेवून मग गॅस लावला तर पारी भिजते आणि चिकट होते. वरच्या मजल्याला दीड-दोन मिनिटं जास्त लागतात. आठव्या मिनिटाला टोपल्यांची अदलाबदल करण्यापेक्षा खालची आधी काढून घेणं सोपं, कारण झाकण उघडलं की वाफ परत धरायला वेळ जातो. पोर्कच्या खिम्याच्या आत 71 अंश सेल्सिअस तापमान जायला हवं. थर्मामीटर नसेल तर एक नग कापून पाहा: आत गुलाबीपणा नको आणि रस स्वच्छ हवा. पोर्कच्या बाबतीत इथे ढिलाई करायची नाही. पण पंधरा मिनिटंही ठेवू नका, रस सगळा पारीतून झिरपून खाली जातो. गॅस बंद केल्यावर मिनिटभर थांबून मग उचला. गरम वाफेतून काढल्या-काढल्या पारी सर्वांत नाजूक असते.

टोपलीची निगा ही या वस्तूची सर्वांत कमकुवत बाजू, आणि विकणारे त्याबद्दल फारसं बोलत नाहीत. नवी आली की गार पाण्यात धुऊन, रिकामीच वीस मिनिटं वाफवायची, म्हणजे बांबूचा कच्चा वास जातो. साबण लावायचा नाही, बांबू तो पितो आणि पुढच्या घाण्याला परत देतो. वापरानंतर गरम पाणी आणि ब्रश, मग पाच मिनिटं रिकामी वाफ, मग वाऱ्यावर उभी करून सुकवायची. आडवी ठेवली तर पट्ट्यांच्या खाचेत पाणी राहतं. कोकणपट्टीत आणि मुंबईत जून ते सप्टेंबर ही टोपली कपाटात ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. प्लास्टिकच्या पिशवीत तर अजिबात नको. पंख्याच्या वाऱ्याला, भिंतीवर खिळ्याला टांगून ठेवा. वर पांढरी लव आली असेल तर व्हिनेगरने पुसून, वीस मिनिटं वाफवून, उन्हात वाळवून परत वापरता येते. पट्ट्यांच्या आत काळे ठिपके गेले असतील तर टोपली टाकून द्या. झाकण चांगलं असेल तर ठेवा, त्याच मापाची सुटी टोपली मिळू शकते.

उरलेली डंपलिंग्ज फ्रीजमध्ये कच्ची ठेवू नका, दोन तासांत पारी भिजून फाटायला लागते. पीठ भुरभुरलेल्या ताटात एकमेकांना न चिकटता दोन तास फ्रीझरमध्ये घट्ट होऊ द्या, मग पिशवीत भरा. महिनाभर चांगली राहतात. वाफवताना वितळू द्यायची नाहीत. तशीच दगडासारखी टोपलीत मांडायची आणि 10 ऐवजी 14 मिनिटं ठेवायची. बांबूची टोपली थंडगार नगांनी भरली की वाफ सुरुवातीला मंदावते, म्हणून गोठवलेली एका वेळी एकाच मजल्यावर लावा.